शिकाऊ ग्लायडर: भाग कधी बदलायचा, तास बघून की उड्डाणे मोजून?

वाऱ्याचीवाट

मी फ्रँकफर्टजवळच्या एका ग्लायडिंग क्लबाचा सभासद आहे. इथे हिवाळ्यात उड्डाणे थंडावली की सभासद वर्कशॉपला लागतात. पंख उतरवायचे, सांधे पुसून नवे ग्रीस भरायचे, कंट्रोल केबली बोटाने चाचपायच्या, आणि हे सगळे परवानाधारक इन्स्पेक्टरच्या नजरेखाली. त्याची सही झाल्याशिवाय ग्लायडर मैदानावर जात नाही. यंदा आमच्या दोन आसनी एएसके-२१ वर काम करताना ओढणारी केबल अडकवायच्या एका हुकावरून बराच वाद झाला. हडपसरला ग्लायडिंग शिकलेले किंवा एनसीसीच्या एअर विंगमध्ये असलेले कुणी ना कुणी इथे असेलच, म्हणून सविस्तर लिहितो.

विमानाच्या भागांचे आयुष्य बहुतेकदा उड्डाणाच्या तासांत सांगितलेले असते. शिकाऊ ग्लायडरच्या बाबतीत हा तासांचा आकडा दिशाभूल करतो. विंचने, म्हणजे जमिनीवरून केबल गुंडाळणाऱ्या यंत्राने, वर ओढलेले शिकाऊ उड्डाण पाच-सहा मिनिटांत आटोपते. केबल ताणली, अर्ध्या-पाऊण मिनिटात तीन-चारशे मीटर उंची, केबल सोडली, मैदानाभोवती एक फेरा, उतरले. लॉगबुकात एक तास भरेपर्यंत दहा वेळा केबलचा ताण बसलेला असतो आणि दहा लँडिंगे झालेली असतात, तीही शिकणाऱ्याच्या हातची. अनुभवी पायलट तोच तास थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, घिरट्या घालत काढतो, तेव्हा टेकऑफ एक, लँडिंग एक. शहरातली पीएमटी आणि एक्सप्रेसवेवरची शिवनेरी सारखेच किलोमीटर धावल्या म्हणून त्यांचे ब्रेक सारखे झिजत नाहीत.

शिवाय विंचची केबल ग्लायडरला नुसती पुढे ओढत नाही, चढताना ती खालीही खेचते. पंखांना ग्लायडरचे वजन पेलायचे असतेच, वर केबलचा ताणही. पंखाच्या मुळाशी मुख्य स्पारवर, म्हणजे पंखाच्या आतल्या तुळईवर, साध्या शिकाऊ फेरीतला सगळ्यात मोठा भार येतो तो बहुधा याच अर्ध्या मिनिटात.

याची किंमत जगाने २०१० मध्ये मोजली. १२ जूनला ऑस्ट्रियात एका एल-१३ ब्लानिकचा पंख हवेत तुटला आणि आतले दोघेही गेले. ब्लानिक हे चेकोस्लोव्हाकियातल्या कुनोविसच्या लेट कारखान्याचे पूर्ण धातूचे दोन आसनी ग्लायडर. १९५६ मध्ये ते पहिल्यांदा उडाले, पुढे अडीच हजारांहून जास्त बनले आणि देशोदेशी कित्येक पिढ्या त्याच्यावर शिकल्या. तपासात संशय गेला तो स्पारच्या खालच्या पट्टीतल्या धातूच्या थकव्यावर, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन पडणाऱ्या भेगांवर. युरोपीय विमानसुरक्षा संस्थेने आधी भिंग घेऊन रिव्हेटच्या ओळी तपासायला सांगितले. पण जोडाच्या आत दडलेली भेग भिंगाला दिसेलच याची खात्री देता येईना, आणि काही महिन्यांतच ब्लानिकची उड्डाणे थांबवावी लागली. असंख्य क्लबांचे शिकवण्याचे एकमेव ग्लायडर हँगरात गेले.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. ब्लानिकचे तासांतले आयुष्य काही गृहीतकांवर काढलेले होते: इतकी उड्डाणे विंचने, इतकी विमानाच्या मागे दोरीने, इतकी एकट्याची, इतकी दोघांची, इतक्या कसरती. मालकांना या इतिहासाचा हिशेब मागण्यात आला. ज्यांच्याकडे फक्त तासांची बेरीज होती, त्यांच्याकडे या प्रश्नाचे उत्तरच नव्हते.

आता आमचा वाद. पोटाखालचा हुक टोस्ट कंपनीचा आहे. युरोपातल्या बहुतेक ग्लायडरांना त्यांचेच हुक असतात. हुक २००० लाँचनंतर कंपनीकडे ओव्हरहॉलला पाठवायचा असतो. वर्षाला हजारेक लाँच करणाऱ्या शाळेत म्हणजे दोन हंगामांनी. तासांत बघाल तर ते दोनशेच्या आतबाहेर भरतात, आणि दोनशे तासांचे ग्लायडर कुणालाही नवेकोरेच वाटते. आमच्यातल्या काहींचे म्हणणे, हुक स्वच्छ सुटतोय, उगीच कशाला पाठवायचा? माझे मत स्पष्ट आहे: शिकवण्याच्या ग्लायडरवर हा आकडा ओलांडू नये, आणि लाँचची नोंद तासांच्या नोंदीइतक्याच काटेकोरपणे ठेवावी. तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

टेकाडावरून

फार छान लिहिलंय. ग्लायडरलाही एवढी देखभाल लागते हे माहीत नव्हतं. इंजिन नाही म्हणजे बिघडण्यासारखं काही नाही, अशीच समजूत होती.

हिशेबी

मी चाकणला मेंटेनन्समध्ये आहे. ग्लायडरचा अनुभव नाही, यंत्रांचा आहे, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. ठरल्या मुदतीला चालू भाग उघडणे हाही एक धोका असतो. आमच्याकडे कित्येक बिघाड देखभालीनंतरच्या पहिल्या पाळीत होतात. नट राहिला, पिन उलटी बसली, सील चिमटले. त्यामुळे हल्ली आम्ही भागाची स्थिती मोजून बदलतो, तारीख बघून नाही. ग्लायडरमध्ये हे का चालू नये? आणि ही मुदत कायद्याने बंधनकारक आहे की कंपनीची शिफारस?

वाऱ्याचीवाट

हिशेबी, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

आधी कायद्याचे. युरोपात मार्च २०२० पासून हलक्या विमानांना ‘पार्ट-एमएल’ नावाची सोपी नियमावली लागू आहे. तिच्यात ग्लायडरची वर्षातून एकदा तपासणी व्हावीच लागते. त्यापलीकडे मालक स्वतःच्या जबाबदारीवर देखभालीचा कार्यक्रम जाहीर करू शकतो आणि त्यात कंपनीच्या ओव्हरहॉलच्या शिफारशीहून वेगळी मुदत ठरवू शकतो. दोन गोष्टींना मात्र हात लावता येत नाही. एक, सुरक्षा संस्थेने काढलेले उड्डाणयोग्यतेचे आदेश. दुसरी, ग्लायडरला मान्यता देतानाच ठरलेल्या आयुष्याच्या मर्यादा. बऱ्याच जर्मन फायबर ग्लायडरांना सुरुवातीला ३००० तासांची मर्यादा होती. त्या वेळी मोठी तपासणी करून ६००० पर्यंत वाढ, पुढे दर हजार तासांनी पुन्हा तपासणी. इथे ‘आम्हाला ठीक वाटले’ याला किंमत नाही.

हुकाची मुदत कुठल्या खान्यात बसते हे त्या ग्लायडरच्या मॅन्युअलवर ठरते. पण ती मागे ढकलायला कायद्याने वाव दिला तरी मी ढकलणार नाही, आणि कारण तांत्रिक आहे. तुम्ही स्थिती मोजून भाग बदलता, कारण तुम्हाला ती मोजता येते. हुकाच्या आत स्प्रिंग असतात आणि केबल मागच्या बाजूला गेली तर आपोआप सोडणारी यंत्रणा असते. जमिनीवर हाताने ओढून हुक सुटतो एवढे आम्ही रोज बघतो. लाँचच्या ताणाखाली, धूळ आणि वाळलेले ग्रीस साचलेले असताना तो कसा वागेल, हे सांगायला चाचणीचा बाक (टेस्ट बेंच) लागतो. तो आमच्याकडे नाही. मोजता येत नाही म्हणून मोजून ठेवलेल्या मुदतीवर चालायचे.

देखभालीनंतरच्या बिघाडाबद्दल तुमचे शंभर टक्के खरे. ग्लायडरमध्ये याचे सगळ्यात कुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे लोटेलिए जोड. पंख किंवा शेपटी लावताना कंट्रोलच्या दांड्या एका गोळीवर खटकन बसवायच्या असतात. अर्धवट बसलेला जोड बाहेरून बसल्यासारखाच दिसतो. असे जोड हवेत सुटून अपघात झाले आहेत. म्हणूनच त्यावर सुरक्षा पिन किंवा वरून सरकणारी बाही बसवणे आवश्यक ठरले. पुढच्या डिझाइनमध्ये शेपटी बसवली की एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग, आपोआप जोडला जातो. तरीही जोडणी झाल्यावर एकाने बाहेर उभे राहून पृष्ठभाग हाताने घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने आतून स्टिक हलवायची, ही तपासणी आम्ही कधीच गाळत नाही.

निवृत्त_फिटर

नमस्कार मंडळी. माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली, तरुणपणी काही काळ लाकडी ग्लायडरांवर काम केले. तुम्ही तास आणि लाँच म्हणताय. लाकडाला या दोन्हींखेरीज तिसरे माप लागते, ते म्हणजे पावसाळे.

आपल्याकडे पूर्वी नागरी विमान खात्याच्या तांत्रिक केंद्राने स्वतःची ग्लायडर बनवली होती. अश्विनी, भरणी, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा, अशी सगळी नक्षत्रांची नावे. रोहिणी १९६१ मध्ये उडाले. त्यात गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसत. हडपसरच्या केंद्रात अनेकांनी पहिले धडे अशा ग्लायडरांवर गिरवले. लाकडाची चौकट, त्यावर प्लायवूड, कापड आणि कापड ताणून घट्ट करणारा डोपचा लेप. डिझाइन देखणे होते आणि आपल्या लोकांनी केलेले होते, याचा मला आजही अभिमान वाटतो.

अशा ग्लायडरची तपासणी म्हणजे आधी पाण्याचा माग. पंखाच्या खालच्या बाजूला निचऱ्याची बारीक भोके असतात. ती रंगाने किंवा गांधीलमाशीच्या मातीने बुजली की आत दमटपणा कोंडतो आणि डिंकाच्या जोडांवर परिणाम व्हायला लागतो. बाहेरून कापड झकास दिसते. नखाने टिचकी मारत गेले की चांगले प्लायवूड टणक बोलते, सुटलेले भदभद बोलते. शंका आली तर तिथले कापड कापून आत दिवा घालून बघायचे, त्याला पर्याय नाही. कापड पुन्हा लावता येते. ज्या ग्लायडरने वर्षभरात एकही उड्डाण केले नाही त्याचीही वार्षिक तपासणी तितकीच कडक हवी, कारण ते हँगरात बसले होते तेव्हा पाऊस बसला नव्हता.

वाऱ्याचीवाट यांच्या हुकाबद्दल माझे मत त्यांच्या बाजूने. सोबत केबलच्या टोकाची कडी आणि वीक लिंकही बघा. हुक नवा आणि त्यात अडकवायची कडी झिजून अंडाकृती, असे असेल तर काय उपयोग?

वाऱ्याचीवाट

काका, मनापासून धन्यवाद. ‘पाऊस बसला नव्हता’ हे इन्स्पेक्टरला जर्मनमध्ये सांगणार आहे.

वीक लिंक म्हणजे काय हे नव्या वाचकांसाठी सांगतो. विंचची केबल आणि ग्लायडर यांच्यामध्ये मुद्दाम ठेवलेला पोलादी पट्टीचा कमजोर तुकडा. ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आधी तो तुटतो आणि पंख वाचतात. रंगावरून ताकद कळते: काळा सुमारे एक टन, तपकिरी साडेआठशे किलो, लाल साडेसातशे, निळा सहाशे, पांढरा पाचशे. कुठल्या ग्लायडरला कुठला रंग हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते. जड दोन आसनीचा काळा तुकडा चुकून हलक्या एक आसनीला लागला तर संरक्षणच उरत नाही. उलट तुकडा जुना होऊन थकला तर जमिनीजवळ, नाक वर असताना अवेळी तुटतो, आणि शिकाऊ पायलटची ती सगळ्यात अवघड घटका असते. म्हणून कंपनी सुमारे २०० लाँचनंतर तो बदला म्हणते. गजबजलेल्या शाळेत हे आकडे काही आठवड्यांत गाठले जातात. तुकडा अगदी स्वस्त असतो. इथे काटकसर करणाऱ्यांचे मला आश्चर्य वाटते.

थेम्सकाठी

ब्रिटनमध्ये राहते, हवाई कॅडेटांच्या कामाशी थोडा संबंध आला. नोंदींच्या मुद्द्यावर लिहिते, कारण इथे जे घडले ते फार कमी लोकांना ठाऊक आहे.

रॉयल एअर फोर्स इथल्या शाळकरी कॅडेटांना ग्लायडिंग शिकवते. ताफ्यात दोन प्रकार होते: वायकिंग, म्हणजे ग्रोब कंपनीचे दोन आसनी ग्लायडर, आणि व्हिजिलंट, म्हणजे त्यांचेच मोटर ग्लायडर. दोन्ही मिळून जवळपास दीडशे. एप्रिल २०१४ मध्ये ही सगळी उड्डाणे थांबवली गेली. तेव्हा कुठलाही पंख तुटला नव्हता. प्रश्न उड्डाणयोग्यता सिद्ध करण्याचा होता. वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या आणि त्यांची कागदपत्रे जुळवून ‘हे ग्लायडर आज मान्यताप्राप्त डिझाइनप्रमाणेच आहे’ असे छातीठोकपणे म्हणता येत नव्हते. फायबर ग्लायडर दुरुस्त केले की वरून जेलकोट आणि रंग बसतो. आत किती थर, कुठल्या दिशेने, कुठल्या रेझिनने दिले, हे फक्त कागद सांगतो.

मार्च २०१६ मध्ये सरकारने जाहीर केले की किमान ७३ वायकिंग आणि जास्तीत जास्त १५ व्हिजिलंट परत आणू. बाकीची गेली. पुढे २०१८ मध्ये व्हिजिलंट पूर्णच निवृत्त झाले. मधल्या काळात कॅडेटांच्या कितीतरी तुकड्या ग्लायडरला हातही न लावता मोठ्या झाल्या. मला त्याची फार हळहळ वाटते. पण थांबवले ते योग्यच होते, असेही मला ठामपणे वाटते. दुसऱ्यांची मुले बसवायची असतील तर शंका आपल्या बाजूने धरता येत नाही.

यारा_किनारी

मेलबर्नहून. आमच्याकडे ग्लायडिंग फेडरेशनच्या वार्षिक तपासणीला सगळे ‘फॉर्म टू’ म्हणतात. इथल्या आरएमआयटी विद्यापीठात फायबरच्या यानुस ग्लायडरचा पंख चाचणीच्या सांगाड्यावर बसवून त्याच्यावर भारांची आवर्तने चालवली होती. फायबर धातूसारखे थकत नाही, असे जे लोक सहज म्हणतात त्यामागे अशी खूप मेहनत आहे. पण पंखात फायबरशिवाय धातूच्या पिना, बुश, बेलक्रँकही असतात. ते धातूसारखेच थकतात, आणि माझ्या मते तपासणीतला अर्धा वेळ त्यांनाच द्यायला हवा.

सावली२२

मी या विषयातली नाही, पण धागा एका दमात वाचला. माझी बहीण श्टुटगार्टला असते. भाची चौदा वर्षांची आहे आणि तिला या उन्हाळ्यात एकटीला उडवणार म्हणतात! आमची इथे झोप उडाली आहे. बहिणीने क्लबात जाऊन नेमके काय बघावे? तिला तांत्रिक काही कळत नाही.

वाऱ्याचीवाट

सावलीताई, जर्मनीत ग्लायडरचे पहिले एकट्याचे उड्डाण चौदाव्या वर्षापासून करता येते, त्यामुळे वयाची काळजी करू नका. प्रशिक्षकाची खात्री पटल्याशिवाय तो तिला एकटी सोडणार नाही.

बहिणीला सकाळी लवकर मैदानावर जायला सांगा. दिवसाचे पहिले उड्डाण होण्याआधी ग्लायडरची रोजची तपासणी होते. ती कोण करतो, हातात यादी असते का, शेवटी वहीत सही होते का, हे बघायला तांत्रिक ज्ञान लागत नाही. घाईत गप्पा मारत मारत उरकतात की एक जण शांतपणे ग्लायडरभोवती फिरतो, हे कुणालाही कळते. मग सरळ विचारायचे, हुकाचे किती लाँच झाले? चांगल्या क्लबात कुणीतरी वही उघडून आकडा दाखवेल. सीटबेल्टच्या पट्ट्यांवर तारखेचे लेबल असते. काही कंपन्यांनी पट्ट्यांना बारा वर्षांची मुदत दिलेली आहे, तीही वाचता येते. एएसके-२१ असेल तर रडरच्या पेडलांपाशी वाकून बघायला सांगा. तिथे केबल वाकड्या नळीतून जाते आणि तिथेच ती झिजते. एक तार जरी तुटून केसासारखी बाहेर आलेली दिसली तरी सांगायचे.

आणि भाचीला एक गोष्ट तुम्ही स्वतः सांगा. लँडिंग जोरात झाले, नाकाचे चाक आपटले, तर उतरल्या उतरल्या प्रशिक्षकाला सांगायचे. कुणी रागावणार नाही. आपटल्यावर चाकाची बैठक, त्याभोवतीचे फायबर, पंखांच्या पिना आणि शेपटीची नळी एवढे तपासावे लागते, अर्धा दिवस जातो. पण ते न सांगता पुढचा विद्यार्थी त्याच ग्लायडरमध्ये बसला तर तो ते ओझे नकळत घेऊन वर जातो.

निवृत्त_फिटर

या शेवटच्या परिच्छेदाची पाटी करून प्रत्येक हँगरात लावावी. मुले मार्कांच्या भीतीने लपवतात. आमच्या वेळी एक वरिष्ठ होते, ते जोरात उतरल्याची खबर देणाऱ्या पोराला सगळ्यांसमोर चहा पाजत. त्यांच्या हाताखाली कुणी काही लपवले नाही.

हिशेबी

हुकाच्या बाबतीत माझे मत बदलले. जे मोजता येत नाही त्याला मुदत, हे पटले. एक व्यवहारी प्रश्न राहतो. समजा क्लबाने जुने ग्लायडर विकत घेतले. लॉगबुकात तास आहेत, लाँच लिहिलेलेच नाहीत. मग मोजणी कुठून सुरू करायची?

वाऱ्याचीवाट

आमच्या इन्स्पेक्टरची पद्धत सांगतो. आधी जुन्या क्लबाकडे रोजची उड्डाणपत्रके मागायची. टाइमकीपरने भरलेली असतात आणि बहुतेक क्लब ती टाकून देत नाहीत. विंचचालकाची वही वेगळी असते, तीही मागायची. सभासदांना लाँचमागे पैसे लावतात, तेव्हा खजिनदाराच्या हिशेबातही आकडा सापडतो. तिन्हीकडून काही मिळाले नाही तर ते ग्लायडर शाळेत होते असे धरायचे आणि एकूण तासांना पाच मिनिटांच्या फेऱ्यांनी भागायचे, म्हणजे तासाला बारा लाँच. येणारा आकडा जवळजवळ नेहमी २००० च्या वर जातो. तो गेला की हुक काढून ओव्हरहॉलला पाठवायचा, परत आल्यावर वहीत नवा रकाना आखायचा आणि त्याच्या पहिल्या ओळीत शून्य लिहून तारीख टाकायची.

आमचा हुक गेल्या आठवड्यात कंपनीकडे रवाना झाला. क्लबाच्या सभेत मतदान घ्यावे लागले नाही.